खुनाच्या गोष्टीत व्हॅम्पायर खरा असावा का?

गिरणाकाठ

मे महिना चाळीसगावला घरी गेला. दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून रक्तपिशाच्च आणि खून एकत्र असलेल्या चार-पाच इंग्रजी कादंबऱ्या ओळीने वाचल्या. जुना वाडा, बंद खोली, मानेवर दोन खुणा असलेलं प्रेत. सुरुवात सगळ्यांचीच झकास, पण शेवटाला दोनच वाटा. एक तर पिशाच्च थोतांड निघतं आणि इस्टेटीसाठी पुतण्याने खून केलेला असतो, नाहीतर पिशाच्च धुकं होऊन दाराच्या फटीतून आत गेलेलं असतं. दोन्ही वेळा मला फसवलं गेल्यासारखं वाटलं.

माझं म्हणणं असं : व्हॅम्पायर खरा असावा, त्याला काय जमतं आणि काय नाही हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगावं, आणि खून त्याने केला की नाही हे त्या नियमांवरूनच ठरावं.

हे दोन प्रकार ओढून-ताणून एकत्र आणलेले नाहीत. युरोपभर व्हॅम्पायरची चर्चा झाली ती एका पंचनाम्यामुळे. सर्बियाचा काही भाग तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता. तिथल्या एका गावात पटापट माणसं मरू लागली, तेव्हा लष्कराच्या शल्यवैद्यांना पाठवून थडगी उघडली गेली आणि एकेका प्रेताची स्थिती लिहून घेतली गेली. तो अहवाल १७३२ चा. आणि १८९७ ची 'ड्रॅक्युला' कादंबरी आहे तरी काय? रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यातली मिना ते सगळं टाइप करून तारखांप्रमाणे लावते. मग मंडळी ड्रॅक्युला ज्यांत लपतो त्या मातीच्या ५० पेट्या कुठे कुठे पोचल्या ते हमालांकडून, वाहतूकवाल्यांकडून शोधत जातात. ४९ सापडतात, एक सापडत नाही. हा तपासच आहे की!

मु. पो. पारोळा

पटनं नही भो.

'ड्रॅक्युला'त तपास आहे, रहस्य नाही. चौथ्या प्रकरणापर्यंत वाचकाला सगळं कळलेलं असतं. पुढे उरतो तो पाठलाग. खुनाच्या गोष्टीत वाचक आणि लेखक यांच्यात एक करार असतो. रोनाल्ड नॉक्स हे स्वतः धर्मगुरू, रहस्यकथाही लिहायचे. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यात दैवी-अमानवी गोष्टींना सरळ मज्जाव केला. परलोकावर श्रद्धा असलेल्या माणसाने हे सांगितलं, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं.

होम्सची ससेक्समधली व्हॅम्पायरची गोष्ट आठवा, १९२४ ची. आई तान्ह्या बाळाच्या मानेला तोंड लावून रक्त ओढताना दिसते. प्रत्यक्षात सावत्र भावाने बाळाला विषारी बाण टोचलेला असतो आणि ती माउली विष शोषून काढत असते. तिथे व्हॅम्पायर खरा असता तर काय उरलं असतं? तो खोटा आहे म्हणूनच तो क्षण काळजाला भिडतो.

गिरणाकाठ

दादा, ती गोष्ट माझीही लाडकी. पण नॉक्स यांच्या नियमामागचं कारण बघा. अमानवी शक्तीला मर्यादा नसते, म्हणून ती नको. मर्यादा घातल्या की हरकत कशाला? ड्रॅक्युलाला घरातल्या कोणी आधी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. ऊन लागलं की तो मरतो, हे तर मूळ कादंबरीत नाहीच. तिथे तो लंडनमध्ये दिवसा फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हाने मरणं आलं १९२२ च्या जर्मन मूकपटातून. आता समजा खून भर दुपारी झाला. मूकपटाचा नियम धरणारा वाचक पिशाच्चाला निर्दोष ठरवेल, कादंबरीचा धरणारा नाही ठरवणार. म्हणजे लेखकाने कोणता नियम धरलाय हे सांगणंच पुराव्याचा भाग झालं. ताळा करून बघण्याची मजा इथेही आहे.

धाब्यावरची झोप

मला वादापेक्षा जागेबद्दल बोलायचंय. हे सगळं आपल्याकडे का लिहिलं जात नाही? धुकं नाही म्हणून? आपल्या गावागावात पांढऱ्या मातीच्या गढ्या ढासळत उभ्या आहेत. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की भर बाराला गल्ली अशी ओस पडते की अंगावर काटा येतो. आमच्याकडची भीती भर दुपारची आहे.

आणि उंबऱ्याच्या नियमाचं आपल्याकडे काय होईल सांगू? उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपतं. खाली दाराला आतून कडी, पण माणसं वर उघड्यावर, धाब्याला धाबं लागून. तिथे उंबरा कुठला? बंद खोलीचं कोडं आमच्या गावात असं उलटं पडतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी

ही मजा मला समजते, तरी एक गोष्ट मनापासून सांगते. मी नंदुरबारकडची. आमच्या भागात 'कोणी मेलं, मग कोणी खाल्लं?' हा प्रश्न कादंबरीत नाही, अंगणात विचारला जातो. ताप येऊन पोर दगावलं की बोट एखाद्या एकट्या बाईकडे जातं. डाकीण म्हणून तिला मारहाण होते, गाव सोडायला लावतात, जीवही घेतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे, तरी हे पुरतं थांबलेलं नाही.

रक्त पिणारं कोणीतरी गावात आहे आणि हुशार माणसं पुरावे जोडून त्याला शोधून काढतात, ही रचना इंग्रजीत करमणूक असेल. आमच्याकडे भगत नेमकं हेच करतो. त्याच्याकडेही नियम असतात, गिरणाकाठ भाऊ. दाणे टाकून बघतो आणि नाव सांगतो. खान्देशात लिहायचं तर पिशाच्च खोटंच असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गिरणाकाठ

ताई, याचा मी विचारच केला नव्हता. भगताचे नियम कोणी तपासू शकत नाही आणि कादंबरीतले वाचक तपासू शकतो, एवढा फरक मला दिसतो. पण तो पुरेसा आहे का, सांगता येत नाही.

वाघूर

आपल्याकडे हा वाद आधीच होऊन गेलाय, वेताळाच्या गोष्टीत. वेताळ प्रेतात शिरलेला, स्मशानात लटकलेला, म्हणजे भयकथा पुरेपूर. आणि तो राजाला विचारतो काय? एका गोष्टीत घार साप घेऊन उडत असते, सापाचं विष एका ब्राह्मणाच्या भातात पडतं, तो खातो आणि मरतो. दोष कोणाचा? सापाचा, घारीचा की भात वाढणारीचा? राजा म्हणतो, कोणाचाच नाही. विचार न करता यांच्यापैकी एकाला जो दोषी म्हणेल, पाप त्याच्या माथी.

ताई, तुमच्या अंगणातल्या प्रश्नाचं उत्तर इथे एक खराखुरा वेताळ मिळवून घेतोय. म्हणून मी म्हणते, पिशाच्च खरं असू द्या. ते खरं असूनही खून त्याने केलेला नाही आणि गाव मात्र त्याच्यामागे धावतंय, हे लिहा.

सातपुड्याच्या पायथ्याशी

हे मी वाचेन. पण त्या गावात पिशाच्चाच्या जागी एखादी म्हातारी उभी केली तर गोष्ट तशीच चालेल. मग पिशाच्च हवंच कशाला, हा प्रश्न माझ्याकडून तसाच राहतो.

मु. पो. पारोळा

ताईंशी सहमत. वेताळ प्रश्न विचारतो, खून करत नाही, एवढंही लक्षात घ्या. आणि गिरणाकाठ, बोलावल्याशिवाय तो येऊ शकत नसेल, तर माझ्या दृष्टीने खुनी पिशाच्च नाहीच. ज्याने 'या, बसा' म्हटलं तो. तो माणूसच असणार. म्हणजे गोष्ट फिरून माझ्याच बाजूला आली.

धाब्यावरची झोप

पण मग तो शोधायचा कसा? धाब्यावर कोणी 'या' म्हणत नाही. रात्री उशिरा पाहुणा आला तर न बोलता एक गोधडी अंथरतात, तेच बोलावणं. सकाळी पोलीस पाटील वर जातो. घरात माणसं सात, गोधड्या आठ.

मु. पो. पारोळा

आठवी कोणी अंथरली?