गाण्याच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स सेटिंग काय ठेवायचं? पेटी रेकॉर्ड करताना चट-चट येतंय

पेटीवाली_चिंचवड
नमस्कार मंडळी. घरीच छोटासा सेटअप केलाय, बाबांचे अभंग रेकॉर्ड करते, पेटी मी वाजवते आणि तबला नंतर वेगळ्या ट्रॅकवर. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), यूएसबी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक, 6 कोअरचा प्रोसेसर, 16 जीबी रॅम, विंडोज 11. मागच्या महिन्यात मावसभावाने त्याचं जुनं 4 जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं आणि दोन मॉनिटर जोडले, तो गेमवाला आहे त्यामुळे सगळं हाय परफॉर्मन्सवर टाकून गेला. आता 128 सॅम्पलच्या बफरला (आवाजाचा जो तुकडा कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो) मध्येच चट-चट येतं, शिवाय प्रोजेक्ट स्क्रोल केला की स्पीकरमधून बारीक चरचर ऐकू येते. कार्डाचं सेटिंग नक्की काय ठेवू? की अजून भारी कार्ड घ्यायला लागेल? बाबा रोज विचारतात झालं का म्हणून.

रात्रपाळी
भाऊ आधी खिशातला हात बाहेर काढा, कार्ड बिर्ड काही घेऊ नका. आवाजाचं जवळजवळ सगळं गणित प्रोसेसर करतो, रिव्हर्ब (घुमारा) असो नाहीतर ईक्यू (सूर जाड-बारीक करणं), कार्ड फक्त खिडक्या आणि मीटर रंगवतं. 48 किलोहर्ट्झला 128 चा बफर म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंद, तेवढ्यात प्रोसेसरने पुढचा घास तयार ठेवला नाही की चट. स्क्रीनचं तसं नाही, 60 हर्ट्झला एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची असते आणि एखादी चुकली तरी कुणाच्या बापाला कळत नाही. त्यामुळे आपल्याला ग्राफिक्स फास्ट नकोय, ते आवाजाच्या वाटेत आलं नाही म्हणजे झालं.

आणि सेटिंग बदलायच्या आधी मोजा. लेटन्सीमॉन नावाचं टूल आहे, ते चालू करून दहा मिनिटं मशीन नेहमीसारखं वापरा, मग ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये बघा सगळ्यात जास्त वेळ कोण अडवून धरतंय. ग्राफिक्सचा ड्रायव्हर वर दिसला तरच त्याच्या मागे लागा. तोपर्यंत गेम बार, मागे चालणारं स्क्रीन रेकॉर्डिंग, कोपऱ्यात एफपीएस दाखवणारे ओव्हरले हे सगळं बंद करा, मावसभाऊ नक्की चालू ठेवून गेला असणार 😄

पेटीवाली_चिंचवड
ताई आहे मी, भाऊ नाही 🙂 आज रात्री लावते.

रात्रपाळी
सॉरी ताई 🙏

सात_मात्रे
वरचं बरोबर आहे पण कार्डाचं सेटिंग अगदीच बिनकामाचं नाही हं. काम नसलं की कार्ड झोपतं आणि तुम्ही प्लगिनची (रीपरमध्ये जोडलेल्या इफेक्टची) खिडकी उघडली की दचकून उठतं, ह्या झोप-जागेत काही मशीनवर खरंच चट येतं. एनव्हीडिया असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंटला मॅक्झिमम परफॉर्मन्स ठेवायचं, पण फक्त रीपरपुरतं, सगळ्या मशीनला नाही, नाहीतर नुसता ब्राउझर उघडला तरी कार्ड तापेल आणि पंखा माइकमध्ये घुसेल. कंडेन्सर माइक आहे तुमचा, तो शेजारच्यांचा कुकरसुद्धा सोडत नाही. दोन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटला असतील तर दोन्ही 60 वर आणा, बऱ्याच कार्डांना नाहीतर शांत बसता येत नाही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग माझ्याकडे बंद ठेवल्यावर बरं चाललं. आणि एचडीएमआयमधून येणारं मॉनिटरचं ऑडिओ डिव्हाइस डिसेबल करून टाका, त्याचं काय काम आपल्याकडे.

रात्रपाळी
शेड्युलिंगचं मला पटत नाही, माझ्याकडे चालू आहे आणि काही त्रास नाही. ताई दोन्ही करून बघा, मात्र प्रत्येक वेळी रिस्टार्ट लागतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, पाच बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळायचं नाही.

वायर_अण्णा
सगळे चट-चटीवर बोलतायत, ती चरचर राहिलीच. स्क्रोल केल्यावर येणारी चरचर हा सेटिंगचा विषयच नाही, ती अर्थिंगची भानगड आहे. कार्डाने एकदम करंट ओढला की त्याची घाण यूएसबी आणि अर्थच्या वाटेने स्पीकरपर्यंत पोचते. परीक्षा सोपी, हेडफोन थेट इंटरफेसला लावा आणि स्क्रोल करा, तिथे शांत आणि स्पीकरमध्ये चरचर असेल तर केबल बघा. बहुतेक तुम्ही आरसीएची नाहीतर एकच काळी रिंग असलेली जॅक वापरताय, स्पीकरला बॅलन्स्ड (बाहेरची घाण कापणारं) इनपुट असेल तर दोन काळ्या रिंगांची टीआरएस घ्या. पीसी आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, आणि बिल्डिंग जुनी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थची पिन मोडून आवाज घालवणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नका, शॉक बसेल. स्वतः खाल्लाय मी 1998 मध्ये, मंडळाच्या स्टेजवर.

पेटीवाली_चिंचवड
रिपोर्ट आणलाय. सगळ्यात वर ग्राफिक्स नाहीच, एनडीआयएस म्हणून काहीतरी आहे आणि कार्डाचा ड्रायव्हर बराच खाली. हेडफोनला चरचर अजिबात नाही. अण्णा केबल खरंच एका रिंगची निघाली, तुम्ही घरी येऊन गेलात का काय 😅

सात_मात्रे
एनडीआयएस म्हणजे नेटवर्क. वाय-फायचा डोंगल लावलाय का?

पेटीवाली_चिंचवड
हो, तोही मावसभावानेच, कार्ड बसवलं त्याच दिवशी 🤦‍♀️

रात्रपाळी
तर मग रेकॉर्डिंगच्या वेळी तो काढून ठेवा. आणि एक मुद्दा, पेटी रेकॉर्ड करायला 128 हवाय कशाला? इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा नॉब असेल तर माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो, मग बफर 512 ठेवला तरी वाजवताना काही फरक नाही. कमी बफर लागतो तो मिडी कीबोर्डवर (स्वतःचा आवाज नसलेला, नुसते स्वर कॉम्प्युटरला कळवणारा) सॉफ्टवेअरचे आवाज वाजवताना.

जुना_पीसी
उशिरा येतोय. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढूनच ठेवा की, दोन्ही मॉनिटर मदरबोर्डला लावा. मी तीन वर्षं तसंच चालवतोय, एक पंखा कमी झाला. फक्त इंटेलचा असेल आणि नावाच्या शेवटी एफ असेल तर करू नका, त्यात ग्राफिक्स नसतं, स्क्रीन काळी राहील आणि मला शिव्या द्याल. मदरबोर्डला दोन मॉनिटरची पोर्टं आहेत का तेही बघा.

पेटीवाली_चिंचवड
डोंगल काढला, बफर 512, डायरेक्ट मॉनिटर चालू. काल रात्री दोन अभंग सलग घेतले, एकदाही चट नाही. टीआरएस केबल उद्या आणते. प्रोसेसरच्या नावात एफ नाहीये, पोर्टंही दोन आहेत, त्यामुळे रविवारी कार्ड काढून बघणार, तसाही पंख्याचा आवाज बाबांच्या आलापात येतोच आहे. मावसभावाला अजून सांगितलेलं नाही.