मदत हवी आहे: गल्लीतली कुत्री अंगावर येतात, पिल्लाला बाहेर न्यायचं कसं? (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक गावठी पिल्लू आहे. मादी आहे, नाव शेंगी. मंगळवेढ्याकडच्या मामांच्या शेतातून आणलं. आता साडेचार महिन्यांची झाली. पार्वो, डिस्टेंपरची सगळी इंजेक्शनं झालीत, रेबीजचंही झालंय, आणि डॉक्टरांनी आता बाहेर न्यायला हरकत नाही असं सांगितलं. म्हणून सकाळ-संध्याकाळ तिला फिरवायला सुरुवात केली आणि तिथंच सगळं अडलंय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोक कचरा टाकतात. तिथं तीन कुत्री कायम असतात, एक मोठा पिवळा नर आणि दोन माद्या. माणसांना ती काहीही करत नाहीत, शाळेची पोरं त्यांच्या शेजारून जातात. पण शेंगी दिसली की नर उठून उभा राहतो, शेपूट वर आणि ताठ, अंग एकदम कडक. मग भुंकणं, मग तिघं मिळून धावत येतात. गेल्या आठवड्यात नराने तिला मानेला धरून खाली पाडलं. समोरच्या टपरीवाल्या दादांनी बादलीभर पाणी मारलं म्हणून ती सुटली. लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी केस बाजूला करून सगळं तपासलं, दात कुठे लागले नव्हते. पण तेव्हापासून ती फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. हातात पट्टा घेतला की दिवाणाखाली जाऊन बसते. हे बघून फार वाईट वाटतं, कारण मामांच्या शेतात हीच पोरगी बैलाच्या पायात बिनधास्त फिरायची.

दुसरा त्रास पाळीव कुत्र्याचा. चार घरं सोडून एक काका राहतात. त्यांचा जर्मन शेफर्ड संध्याकाळी मोकळा सोडतात. तो सरळ आमच्याकडे पळत येतो आणि काका लांबूनच "काही करत नाही, खेळतोय" म्हणतात. तो खरंच खेळत असेलही, पण शेंगी भीतीने मुतते. काका आप्पांचे गिरणीतले जुने सोबती, त्यामुळे तोडून बोलता येत नाही.

आई-आप्पांचं म्हणणं, गच्ची मोठी आहे, तिथंच फिरव, बाहेर न्यायची गरजच काय. मला ते पटत नाही. या वयात जग बघितलं नाही तर ती आयुष्यभर घाबरट राहील आणि घाबरलेली कुत्रीच पुढे चावतात. त्या तिघांना कुणी उचलून न्यावं असंही मला वाटत नाही, ती आमच्या आधीपासून इथं आहेत. मला एवढंच हवंय की शेंगीला न घाबरता रस्त्यावरून चालता यावं.

ती येताना दिसली की शेंगीला उचलावं की खाली ठेवावं? हातात काठी असावी का? आणि तिची गेलेली हिंमत परत कशी आणायची? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.

होटगीरोडकर:

ताई, सगळ्यात आधी काही दिवस त्या कोपऱ्यावरून जाणं पूर्ण बंद करा. एकदा घाबरलेल्या पिल्लाला "सवय होईल" म्हणून परत तिथंच नेलं तर भीती पक्की होते. माझ्या कुत्रीला असंच झालं होतं. तिला स्कूटीवर पुढे पिशवीत बसवून कंबर तलावाकडे न्यायचो आणि गाडी लावून नुसतं उभं राहायचो. चालायचंच असं काही नाही. या वयात दहा मिनिटं हुंगून झाली की पिल्लू तासभर झोपतं.

लांबवर कुत्रं दिसलं आणि शेंगीने ते बघितलं की लगेच तोंडात चिकनचा बारीक तुकडा द्यायचा. ते कुत्रं नजरेआड झालं की खाऊ बंद. कुत्रं दिसलं की काहीतरी चांगलं मिळतं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं पाहिजे. अंतर मात्र असं ठेवा की ती खाऊ शकेल. खाऊ तोंडाजवळ नेऊनही ती घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. ओढून नेऊ नका, रागावू नका. भ्याली म्हणून कुशीत घेतलं तर भीती वाढते असं बरेच जण सांगतात. तसं काही नसतं, खुशाल जवळ घ्या.

पट्ट्याबद्दल एक. गळ्यातला पट्टा सोडून अंगात घालायचा हार्नेस घ्या, पाठीवर धरायला कडी किंवा पकड असलेला. प्रसंग आला तर एका हाताने वर उचलता येतं. लांब सुटत जाणारी ती डबीवाली दोरी या वयात वापरूच नका, पाच-सहा फुटांची साधी दोरी बरी.

आसराचौक:

काठी लागतेच. माझ्या वडिलांनी आयुष्यभर काठी घेऊनच फिरवलंय. एक बसली की परत येत नाहीत.

पशुसेवक:

मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, रोज अशा केसेस बघतो. काठी आधाराला हातात असायला हरकत नाही, पण ती उगारू नका, मारू तर अजिबात नका. एकाला मारलं की बाकीची दोन जास्त चवताळतात, आणि आपलं पिल्लू काठीला घाबरायला शिकतं ते वेगळंच. शिवाय ते कायद्यानेही गुन्हा आहे.

आता उचलायचं की नाही. कुत्री लांब असतानाच, शांतपणे, उचलावं. ती अगदी जवळ आल्यावर घाईने वर ओढलं की पिल्लू हलतं, ओरडतं, आणि ती उड्या मारायला लागतात. मग चावा आपल्या हाताला किंवा मांडीला बसतो. उचलल्यावर छातीशी घट्ट धरा, पाठ भिंतीला किंवा उभ्या गाडीला लावा म्हणजे मागून कुणी येणार नाही. पळू नका. डोळ्यात डोळे घालून बघू नका, थोडं तिरपं उभं राहा आणि जाड आवाजात एकदाच "हड!" म्हणा. किंचाळलं की त्यांना अजून चेव येतो. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी आपल्याकडची बहुतेक कुत्री थांबतात, दगड मारायची गरज नसते. मी स्वतः छत्री सुचवतो. त्यांच्या दिशेने झटकन उघडली की मध्ये भिंत उभी राहते. फक्त आधी घरात शेंगीसमोर चार-सहा वेळा खाऊ देऊन उघडा, नाहीतर तीच दचकेल. खिशात मूठभर बिस्किटांचे तुकडे ठेवा. ती पुढे आली की त्यांच्या पायाशी फेकायचे, ती खाण्यात गुंततात आणि तेवढ्यात तुम्ही मागे सरकता.

पकडलंच तर दोघांच्या तोंडामध्ये हात घालू नका आणि पिल्लाला ओढू नका, ओढल्याने मांस फाटतं. पाणी मारा किंवा ओढणी, चादर काहीही चावणाऱ्याच्या तोंडावर टाका. टपरीवाल्या दादांनी अगदी बरोबर केलं.

दात लागला तर वरून बारीक भोक दिसतं आणि आत चिरडलेलं असतं, म्हणून जखम छोटी आहे असं समजून घरी हळद लावून बसू नका. जखम धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात आणा. लस झालेली असली तरी भटक्या कुत्र्याने चावल्यावर रेबीजचे पुढचे डोस लागतात. तुम्हाला ओरखडा जरी आला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत असते. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देतात, ते आठवणीने विचारा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. शेंगी मादी आहे. सहा महिन्यांनंतर कधीही माजावर येऊ शकते आणि तेव्हा तो पिवळा नर एकटा येणार नाही, आजूबाजूच्या गल्ल्यांतले सगळे येतील. नसबंदी कधी करायची ते तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

कडकभाकरी:

मी आमच्या भागातल्या कुत्र्यांना रोज खायला घालते. एक बघून सांगा. त्या तिघांच्या कानाला टोकाला खाच आहे का? असेल तर नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेकडे लेखी अर्ज करा. २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लस करून कुत्री त्याच जागी परत सोडायची असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, फक्त रेबीज झालेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना वगळून. उचलून नेण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही असं तुम्हाला वाटतं ते योग्यच आहे. कचरा तिथंच राहिला तर दुसरी येतात, आणि ती तुम्हाला ओळखतही नसतात. अर्ज करायचाच तर कचऱ्याचाही करा, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन.

शेंगीला घरी ठेवून तुम्ही एकट्या त्यांच्याशी ओळख करा. रोज ठरावीक वेळी, कचऱ्यापासून लांब, पोरं खेळतात त्या जागेपासूनही लांब, थोडं खायला घाला. काही आठवड्यांनी तुमच्या अंगाला येणारा शेंगीचा वास त्यांना परका राहणार नाही. लगेच मैत्री होईल असं नाही, पण धावून येणं कमी होतं हे मी स्वतः पाहिलंय. आणि त्या दोन माद्यांपैकी कुणी व्यायलेली आहे का? थानं बघा. पिल्लं असतील तर सगळं वागणंच वेगळं असतं.

शेंगीची आई (धागाकर्ती):

सगळ्यांचे मनापासून आभार. कडकभाकरी ताई, तुम्ही म्हणालात म्हणून आज नीट बघितलं. एका मादीची थानं भरलेली आहेत आणि बंद पडलेल्या टेम्पोखाली तिची पिल्लं आहेत! गल्लीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कानाला खाच तिघांच्याही नाही.

आसराचौक, तुमच्या वडिलांच्या अनुभवाचा आदर आहे, पण मला काठीने मारायचं नाही. शेंगीसुद्धा अशाच एखाद्या टेम्पोखाली जन्मली असती.

आता काकांचं कसं करू?

कडकभाकरी:

मग उत्तर मिळालं. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत ती बाजू सोडाच. तिला पाणी आणि खाणं टेम्पोपाशीच मिळालं तर ती रस्त्यावर कमी येईल. पिल्लांचं दूध सुटलं की मग तिच्या नसबंदीचं बघा, अर्ज आत्ताच देऊन ठेवा.

निवृत्तशिक्षक:

पोरी, काकांकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, मदत मागायला जा. आप्पांना बरोबर घे, सकाळी चहाच्या वेळी जा, रस्त्यात कुत्रा समोर असताना हा विषय काढू नकोस. असं म्हण, "काका, शेंगीला त्या कुत्र्यांनी पाडलं तेव्हापासून ती फार भ्यालीय. ती सावरेपर्यंत मी साडेसहा ते सात तिला काढते, तेवढा वेळ तुम्ही याला साखळीला ठेवाल का?" वेळ नेमकी सांग. "कुत्रा बांधून ठेवा" म्हटलं की माणूस अडून बसतो, अर्धा तास मागितला तर जुना सोबती नाही म्हणणार नाही. त्यांचा कुत्रा चांगला आहे हे त्यांना ऐकू दे. पुढे दोघांना पट्ट्यावर, लांब अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा. समोरासमोर आणू नका.

एवढं करूनही मोकळा सोडत राहिले तर पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो, पहिल्या भेटीत तोंडातून काढू नकोस.

शेंगीची आई (धागाकर्ती):

सर, रविवारी आप्पांना घेऊन जाते. ते तयार झालेत, उलट म्हणाले मीच बोलतो.

एक शेवटचं विचारते. टपरीवाले दादा म्हणाले, ही कुत्री दुपारी एक ते चार सावलीला मेल्यासारखी झोपतात, तेव्हा काढ. पण उन्हाळा तोंडावर आलाय.

पशुसेवक:

दुपारी नको. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, पिल्लाचे तळवे भाजतात. तळहाताची मागची बाजू रस्त्याला लावून बघा. सात सेकंद ठेवता आली नाही तर न्यायचं नाही. उजाडल्यावर, पण कचरागाडी येऊन गेल्यानंतर जा. गाडी येते तेव्हा कुत्री तिथं गोळा होतात आणि एकमेकांवर आधीच गुरगुरत असतात. गाडीची वेळ टपरीवाल्या दादांना विचारा, त्यांना नक्की ठाऊक असेल. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, प्यायलाही आणि मारायलाही.