व्हीलचेअरसह रोज कॅबने ऑफिस, भाडं परवडत नाही. मदत हवी आहे

सायली२७
दादा परत नोकरीवर जायला लागलाय. ॲपवरून कॅब करावी लागते आणि पगाराचा मोठा हिस्सा त्यातच जातो. दिव्यांग प्रवाशांना भाड्यात सवलत मिळते का? ॲपमध्ये शोधलं, काही दिसत नाही. सोमवारपासून रोज जायचंय, प्लीज लवकर सांगा.

नंदूकाका
रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास न जमणाऱ्यांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. एसटीतही मिळते. रेल्वेचं सवलत कार्ड काढून घ्या.

मंजिरी_प
काका, त्या कॅबबद्दल विचारतायत. सायली, शहर कोणतं? खुर्ची फोल्ड होते का? दादा स्वतः सीटवर सरकतो की उचलावं लागतं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सायली२७
पुणे. धायरी ते हिंजवडी. खुर्ची फोल्डिंगची आहे, तो स्वतः सरकतो. स्वस्तातली गाडी बुक केली की ड्रायव्हरचा फोन येतो, खुर्ची म्हटलं की कॅन्सल. नाहीतर वरचे शंभर मागतात. म्हणून सहा सीटर करावी लागते आणि सकाळी तिचं भाडं आणखी चढतं.

अभि_नगरकर
साइड व्हील लावलेली स्कूटर घ्या. माझा मामेभाऊ पोलिओग्रस्त आहे, तो सगळीकडे स्कूटरवरच जातो. कॅबचा विषयच संपला.

सायली२७
दादाला मज्जारज्जूची इजा आहे, बसून तोल राहत नाही. स्कूटर शक्य नाही.

गाडीवाला_गणेश
ताई, मी पुण्यातच कॅब चालवतो. डिकीत सीएनजीची टाकी असते, खुर्ची जाणार कुठे? मागच्या सीटवर ठेवायची तर आधी मोठी चाकं निघाली पाहिजेत. काही खुर्च्यांना चाकाच्या मधोमध बटण असतं, दाबलं की चाक हातात येतं. तुमच्या खुर्चीला आहे का बघा. टिगोरसारख्या दोन छोट्या टाक्यांच्या सीएनजी गाड्यांची डिकी बरीच मोकळी असते, पण ॲपवर गाडी निवडता येत नाही.

तात्या_वकील
जागा नाही हे समजू शकतो, वरचे शंभर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभावाला मनाई आहे. केंद्राच्या जुलै २०२५ च्या नियमावलीत विनाकारण कॅन्सल केल्यास भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड सांगितलाय. तक्रार करा.

गाडीवाला_गणेश
दंड ड्रायव्हरला, गाडीच्या कर्जाचा हप्ताही ड्रायव्हरचाच. उद्या सवलत आली तर तीही आमच्याच भाड्यातून कापणार.

मंजिरी_प
म्हणूनच फरक सरकारने भरायला हवा. पालिकांना ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावा लागतो. त्यातून प्रवासाची कुपनं दिली तर ड्रायव्हरला पूर्ण भाडं मिळेल.

माई_मेलबर्न
इथे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात तसंच चालतं. पात्र प्रवाशाचं अर्धं भाडं, मर्यादेपर्यंत, सरकार भरतं. व्हीलचेअर टॅक्सीच्या ड्रायव्हरला खुर्ची चढवण्याचे वेगळे पैसे मिळतात. भारतात असं का होत नाही?

तात्या_वकील
मागणी केली तर होईल. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.

सायली२७
निवेदन नक्की देऊ, पण सोमवारचं काय?

मंजिरी_प
दादाच्या एचआरला विचारा, पगारात वाहतूक भत्ता दाखवता येईल का. दिव्यांग कर्मचाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत तो करमुक्त असतो, नव्या करपद्धतीतही. आणि कंपनीची गाडी आहे का, ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

सायली२७
बस आहे, पायऱ्या उंच आहेत. कॅब फक्त रात्रपाळीला देतात.

मंजिरी_प
मग लेखी मागा. कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांना काय सोयी देणार ते, जाहीर करायचं असतं. त्याची प्रत मागितलीत की बोलणं तिथूनच सुरू होईल.

नंदूकाका
मेट्रोत लिफ्ट असते, मेट्रोने का जात नाही?

अभि_नगरकर
काका, धायरीला मेट्रो कुठंय?

गाडीवाला_गणेश
सायलीताई, वेळ ठरलेली असेल तर ॲप सोडा, महिन्याचं ठरवा. पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. गाडी आधी बघा, खुर्ची ठेवून बघा, मग दर बोला. सकाळी किती वाजता निघायचं आणि संध्याकाळी किती वाजता सुटतो? हिंजवडीतून निघायला लागणारा वेळ धरूनच कोणीही दर सांगेल. चाकाचं बटण बघून व्यनि (खाजगी मेसेज) करा, धायरीतले दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत.