मदत हवी आहे: कामाचा फोन बंद ठेवता येत नाही, लक्ष कसं टिकवू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपचा हिशेब बघते. दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं असतं, आणि बिलं जुळवताना फोन सारखा वाजतो. ऑर्डरी, ड्रॉइंग सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं. एक मेसेज बघायला फोन उचलला की मराठी-कन्नड रील्समध्ये अर्धा तास जातो. मागच्या महिन्यात एक बिल दोनदा चढलं, अजून मनाला लागून आहे.

अँड्रॉइडचा फोकस मोड लावला, पण त्यात व्हॉट्सअ‍ॅप थांबवलं की ऑर्डरीही अडकतात. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत सकाळी, गर्दी नसताना, खरंच छान चालते. दुपारनंतर नाही जमत.

कामासाठी वेगळं सिम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस कुणी वापरतंय का? मालकांना कसं पटवलंत?