सेन्सरची विदा जपायची कशात? सीएसव्हीच्या आग्रहाला उत्तर

अक्षांश:
वैतरणा यांनी काल लिहिले की सेन्सरची विदा (डेटा) दीर्घकाळ जपायची असेल तर ती सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, लिहून जीझिप या फाइलीचा आकार आटवणाऱ्या प्रोग्रॅमने दाबून ठेवावी. त्यांच्या मते बाकीचे फॉरमॅट ही नुसती हौस असून तीस वर्षांनी त्यांतले एकही उघडणार नाही. हे वाचून मला गप्प बसवले नाही. शंभर हर्ट्‌झवर (सेकंदाला शंभर वेळा) तीन घटक, म्हणजे जमिनीची तीन दिशांतली हालचाल, नोंदवणाऱ्या एकाच भूकंपमापकाचा हिशेब करून पाहा. दिवसाला ८६ लाख ४० हजार ओळी होतात. प्रत्येक ओळीवर मिलिसेकंदापर्यंतची वेळ लिहायला २४ अक्षरे लागतात, म्हणजे केवळ वेळेलाच २०७ मेगाबाइट. प्रत्यक्ष मोजमापे चार बाइटांच्या पूर्णांकांत ठेवली तर त्यांना १०४ मेगाबाइट पुरतात. दाबल्यावर यातले बरेच आटते हे मान्य आहे. परंतु एका घटकाची एका तासाची मूल्ये हवी असली, तरी फाइल सुरुवातीपासून उलगडत यावी लागते. पार्के (Parquet) फॉरमॅटमध्ये विदा स्तंभनिहाय असल्यामुळे हवा तो स्तंभ तेवढाच वाचता येतो. तो २०१३ पासून खुला आहे आणि तो वाचणारी सॉफ्टवेअरे अनेक भाषांत स्वतंत्रपणे लिहिली गेली आहेत. याला हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

वैतरणा:
आपला हिशेब बरोबर असेल, पण प्रश्न जागेचा नसून टिकण्याचा आहे. सप्टेंबर १८५९ मधील सौर वादळात कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची क्षैतिज तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरली, हे २००३ साली संशोधकांना मांडता आले, कारण ते आकडे कागदावर लिहिलेले होते आणि वाचायला डोळ्यांपलीकडे काही लागत नव्हते. पार्केची सूची, म्हणजे फाइलीत काय कोठे आहे हे सांगणारा भाग, फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. मी काम करत होतो त्या धरणावर वीज गेली तेव्हा फाइल अर्धवट लिहिलेली होती, सूची आलीच नव्हती, आणि सकाळपासूनच्या पाणीपातळीच्या सगळ्या नोंदी गेल्या. सीएसव्ही असती तर फार तर शेवटची ओळ तुटली असती. ज्यांनी ऐन पावसाळ्यात असा दिवस गमावलेला नाही, त्यांनी मला स्तंभांचे फायदे शिकवू नयेत.

भूकंपमापी:
वैतरणा, नोंदणीचा फॉरमॅट आणि जतनाचा फॉरमॅट एकच असावा हा हट्ट कशासाठी? केंद्रावर तुकड्यातुकड्याने लिहीत जावे आणि दिवस पूर्ण झाल्यावर, तपासून, विदागारात हव्या त्या रूपात न्यावे. शिवाय जीझिप केलेल्या फाइलीत मधला एखादा बाइट बिघडला तर त्यापुढचा भाग बहुधा हाती लागत नाही, हे आपण सोडून दिलेत. भूकंपशास्त्रात हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. मिनीसीड (miniSEED) या तिथल्या फॉरमॅटमध्ये ५१२ किंवा ४०९६ बाइटांची छोटी नोंद असते आणि प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर केंद्राचे नाव, सुरुवातीची वेळ आणि नमुन्यांचा वेग लिहिलेला असतो. प्रत्येक नमुन्याची वेळ साठवावीच लागत नाही, त्यामुळे अक्षांश यांचे २०७ मेगाबाइट मुळातच उरत नाहीत. एक नोंद बिघडली तर तेवढीच जाते.

सातारकर:
आपण सारे फॉरमॅटवर भांडत आहात आणि वेळेविषयी कोणीच काही म्हणत नाही, याचे मला वाईट वाटते. एका खासगी हवामान-केंद्रांच्या जाळ्याची विदा माझ्याकडे आली होती. काही केंद्रांची घड्याळे भारतीय प्रमाणवेळेवर होती, काहींची यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आणि कोणती कशावर हे कोठेही लिहिलेले नव्हते. रोजचे किमान तापमान किती वाजता नोंदले गेले, त्यावरून एकेक केंद्र ओळखत बसावे लागले. फाइली मात्र अगदी निर्दोष उघडत होत्या.

अक्षांश:
हे विषयांतर आहे, आणि खरे तर ते माझ्याच बाजूचे आहे. वेळ यूटीसीशी जुळवलेली आहे की स्थानिक आहे, याची खूण पार्केमध्ये स्तंभाच्या प्रकारातच असते. सीएसव्हीत तशी जागाच नाही.

सातारकर:
ती खूण कोणत्या चोवीस तासांची बेरीज आहे हे सांगत नाही. मुंबईच्या प्रलयाला आपण सारे २६ जुलै २००५ म्हणतो, पण सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस हा २७ जुलैच्या सकाळी साडेआठ वाजता संपणाऱ्या चोवीस तासांचा आहे. पावसाचा दिवस साडेआठला, म्हणजे यूटीसीच्या तीन वाजता, संपतो. हे ठाऊक नसलेला माणूस ती नोंद मध्यरात्री ते मध्यरात्र मोजणाऱ्या स्वयंचलित केंद्राशेजारी ठेवील आणि दोन्हींपैकी एक यंत्र बिघडले आहे असे ठरवील. कुलाब्याच्या नोंदी डोळ्यांनी वाचता येतात हे खरे; पण मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती आणि शहरात ती १९५५ पर्यंत वापरात राहिली, हे माहीत नसेल तर जुन्या मुंबईतल्या नोंदी दुसऱ्या गावाशी जुळणार कशा?

वैतरणा:
कुलाब्याचे उदाहरण माझे होते, आणि ते आपण माझ्यावरच उलटवलेत. ठीक आहे. वेळेचे वर्णन करणारी साधी मजकुराची फाइल प्रत्येक संचासोबत हवी, आणि शंभर हर्ट्‌झच्या लहरींसाठी मी सीएसव्हीचा आग्रह धरणार नाही. पण पंधरा मिनिटांनी एक आकडा देणाऱ्या पर्जन्यमापकाच्या दिवसाला ९६ ओळी होतात, वर्षाला ३५ हजार ४०. तालुक्याच्या कार्यालयातील लिपिकालाही ती फाइल उघडून पाहता आली पाहिजे. तिथे मी एक पाऊलही मागे येणार नाही.

अक्षांश:
एका पर्जन्यमापकासाठी ते मान्य करावे लागेल. चारशे केंद्रे झाली की वर्षाला १ कोटी ४० लाख ओळी होतात, आणि एखाद्या खोऱ्यातला दहा वर्षांचा पाऊस त्यांतून काढायचा झाला की मी पुन्हा पार्केच मागेन. आपल्या सीएसव्ही मूळ प्रत म्हणून शेजारी राहू देत, त्या मी पुसणार नाही.