मदत हवी आहे: कंट्रोल रॅटच्या मेंदूतही मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) गोल आणि फुगीर दिसतात

कामठीरोड_फार्म (नागपूर)

नमस्कार मंडळी. एम. फार्म.चा प्रोजेक्ट आहे, मेंदूतल्या दाहावर. विस्टार रॅट, साधारण 250 ग्रॅमचे. एका गटाला एलपीएस (जिवाणूंच्या भिंतीतलं दाह घडवणारं एंडोटॉक्सिन) 500 मायक्रोग्रॅम प्रति किलो पोटात, दुसऱ्याला नुसतं सलाईन. 24 तासांनी मेंदू काढून थेट 10 टक्के फॉर्मालिनमध्ये टाकले. सगळे प्राणी संपल्यावर बरण्या धंतोलीतल्या एका लॅबला दिल्या. तिथे पॅराफिन ब्लॉक करून 5 मायक्रॉनचे सेक्शन कापले, आयबा-1 (मायक्रोग्लियात असणारं प्रथिन) अँटीबॉडी 1:500, डीएबी या तपकिरी रंग देणाऱ्या रसायनाने रंग.

अडचण अशी की सलाईनच्या गटातही पेशी गोल, जाड, फांद्या जवळजवळ नाहीत. रक्तवाहिन्यांच्या कडेला तपकिरी ठिपके भरपूर. दोन्ही गटांत फरकच दिसत नाही. काम मे महिन्यात झालं, उन्हाचा परिणाम असेल का? आणि यावरून एम-1 (दाह वाढवणाऱ्या) आणि एम-2 (दाह शमवणाऱ्या) पेशी मोजता येतील का?

सूक्ष्मदर्शी

ऊन नंतर बघू. आधी 5 मायक्रॉन. मायक्रोग्लियाच्या फांद्या सगळ्या दिशांना पसरतात आणि एका पेशीचा पसारा साधारण 40 ते 60 मायक्रॉनचा असतो. बाभळीच्या झाडातून एक पातळ फळी काढली तर हातात खोडाचा गोल तुकडा आणि फांद्यांचे सुटे ठिपके येतील, झाड येणार नाही. तुमच्या स्लाइडवर तेच झालंय. 40एक्सखाली नीट बघा: गोल पेशीच्या आजूबाजूला कशालाच न जोडलेले बारीक तपकिरी बिंदू दिसतील. त्या कापलेल्या फांद्या आहेत.

आकाराबद्दल बोलायचं तर 30 ते 40 मायक्रॉनचे तरंगते सेक्शन लागतात, म्हणजे क्रायोस्टॅट (गोठवून कापणारं यंत्र) किंवा व्हायब्रेटोम (कंपणाऱ्या पात्याचं यंत्र). हातातल्या स्लाइड फेकू नका. ठराविक भागात दर चौरस मिलिमीटरला किती पेशी आहेत एवढं त्यांवरून मोजता येईल. आकारावर मात्र एक वाक्यही लिहू नका.

थंड_बफर

दुसरं कारण परफ्युजन, म्हणजे हृदयातून द्रव सोडून रक्त धुणं आणि ऊती टिकवणं, न करणं. फॉर्मालिन ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. रॅटच्या मेंदूचा गाभा तोवर ऑक्सिजनशिवाय पडून राहतो आणि या पेशी अशा बदलाला फार लवकर प्रतिसाद देतात, फांद्या आखडतात. वाहिन्यांकडेचे ठिपके म्हणजे बहुधा आत राहिलेल्या तांबड्या पेशी. त्यांची स्वतःची पेरॉक्सिडेजसारखी क्रिया डीएबीला तपकिरी करते. खात्रीसाठी एका स्लाइडवर पहिली अँटीबॉडी न घालता बाकी सगळं करा. ठिपके तरीही आले तर ते आयबा-1 नव्हे.

पुढच्या वेळी असं करा. केटामिन 80 ते 100 आणि झायलाझिन 10 मिग्रॅ प्रति किलो पोटात. पायाचं बोट चिमटून प्रतिसाद पूर्ण गेला की मगच छाती उघडायची. 18 गेजची बोथट सुई डाव्या जवनिकेतून महाधमनीत, लगेच उजव्या कर्णिकेला छेद. थंड 0.9 टक्के सलाईन, हेपारिन 10 युनिट प्रति मिली, 150 ते 200 मिली. यकृत फिक्कं पडलं पाहिजे. मग 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, 0.1 मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच 7.4, 250 ते 300 मिली. शेपूट आणि मान ताठ झाली की जमलं. नाकातून पाणी यायला लागलं तर सुई पडदा फोडून उजवीकडे गेलीय आणि द्रव फुफ्फुसात चाललाय. सुई थोडी मागे घ्या.

पॅराफॉर्मल्डिहाइड त्याच दिवशीचं हवं. 60 अंशांपेक्षा जास्त तापवू नका, गढूळ राहिलं तर सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन-चार थेंब, मग गाळून गार करा. मेंदू त्यातच 4 अंशांवर रात्रभर, नंतर 30 टक्के सुक्रोजमध्ये तळाला बसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस. तो तरंगत असतानाच गोठवला तर बर्फाच्या कणांनी चाळणी होते. रंगवण्याआधी 0.3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 20 मिनिटं.

एक महत्त्वाचं: पद्धत बदलतेय, तर आयएईसीकडून (संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समिती) सुधारित मंजुरी आधी घ्या. आणि त्याच मेंदूवर एलायझा (प्रथिनं मोजायची चाचणी) करायचा बेत असेल तर तो सोडा, त्यासाठी प्राणी वेगळे लागतील.

वऱ्हाडी_न्यूरॉन

एम-1, एम-2 बद्दल स्पष्ट सांगतो भाऊ, ते लिहूच नका. आयबा-1 मेंदूत शिरलेल्या मॅक्रोफेजमध्येही (भक्षक पेशी) असतं आणि वाहिनीला चिकटून बसलेल्या मॅक्रोफेजमध्येही. त्यावरून पेशी काय करतेय ते कळत नाही. 2022 मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र येऊन ही दोन खोकी सोडून द्या असंच सुचवलं. ‘विश्रांतीतली पेशी’ हा शब्दही टाळा. 2005 मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं तेव्हा या फांद्या क्षणभरही थांबत नाहीत हे दिसलं. निरोगी मेंदूत त्या सतत गस्त घालतात. वाढीच्या काळात नको असलेले सायनॅप्सही (चेतापेशींमधले जोड) सी-3 या पूरक प्रथिनाच्या खुणेवरून गिळतात. काम इतकं नाजूक आहे, म्हणूनच कंट्रोल इतका जपायचा.

मायक्रोग्लिया वेगळ्या ओळखायच्या तर पी2आरवाय12 या त्यांची खूण असलेल्या प्रथिनाची अँटीबॉडी घ्या. दाहात ते कमी होतं, त्यामुळे रंग फिका पडला म्हणजे पेशी मेल्या असं समजू नका. टीएमईएम119 ही तशीच दुसरी खूण चांगली, पण विकत घेण्याआधी रॅटमध्ये चालतं का ते बघा.

आता ऊन. नवतप्यात कूलरवर चाललेली खोली प्राण्यांसाठी ताणाचीच. कमाल-किमान थर्मामीटर लावा, 22 अंशांच्या आसपास टिकतंय का रोज लिहा, प्राणी आल्यावर किमान आठवडाभर हात लावू नका. इंजेक्शनच न दिलेले दोन-तीन प्राणी वेगळे ठेवा. तेही बिघडलेले दिसले तर दोष खोलीत किंवा ऊतीत आहे, सलाईनमध्ये नाही.

सलाईन कुठलं वापरलं?

कामठीरोड_फार्म

लॅबच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ घालून, ऑटोक्लेव्ह करून.

वऱ्हाडी_न्यूरॉन

मग तेही संशयित. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, एंडोटॉक्सिन नाही. त्याला कोरडी उष्णता लागते, काचेला 250 अंश, अर्धा तास. कंट्रोलला थोडं एलपीएसच मिळालं असू शकतं. मेडिकलमधून शिरेवाटे द्यायची सलाईनची बाटली आणा आणि एलपीएससुद्धा त्यातच विरघळवा. ते भांड्याच्या भिंतीला चिकटतं, म्हणून भरण्याआधी दर वेळी व्हॉर्टेक्स यंत्रावर जोरात ढवळा.

कामठीरोड_फार्म

सगळ्यांचे आभार. आधी दोनच प्राण्यांवर करून बघणार. पुढे जायचं की नाही, कशावरून ठरवू?

सूक्ष्मदर्शी

हिप्पोकॅम्पसचा सीए1 बघा, रेडिएटम थर. न टोचलेल्या प्राण्यात पेशीचा मधला भाग लहान, फांद्या बारीक आणि पुन्हा पुन्हा फुटलेल्या हव्यात. आणि प्रत्येक पेशी आपापल्या जागेत, शेजारणीत न शिरता, सारख्या अंतरावर. हे दिसलं तर बाकीचे प्राणी घ्या. मोजताना सेक्शनमध्ये पूर्ण मावलेल्याच पेशी निवडा, गट कोणता ते मोजणाऱ्याला कळू देऊ नका, आणि आकडेमोडीत एन (नमुन्यांची संख्या) म्हणजे प्राणी धरा, पेशी नव्हे.