जीनोग्राम काढला, पण तो वंशावळीसारखाच दिसतोय. पुढे काय?

रिकामी_चौकट: तीन पिढ्यांचा जीनोग्राम, म्हणजे घरातली माणसं आणि त्यांची नाती दाखवणारा नकाशा, काढला. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, गेलेल्यांवर फुली, लग्नं आणि जन्म-मृत्यूची वर्षं, सगळं भरून झालं. आता प्रश्न असा: वाद झाला की जोडप्यातला एक जण तोंड मिटून बसतो आणि दुसरा पाठ सोडत नाही. या प्रकाराचा मागच्या पिढ्यांशी संबंध आहे की नाही, हे या कागदावरून कसं कळायचं? आणि कळलंच तर करायचं काय? ‘अंतर्मनातल्या लहान मुलाला मिठी मारा’ छापाचे सल्ले कृपया नकोत.

उभी_रेघ: तुम्ही भरलंय ती माहिती झाली. खरं काम नात्यांच्या रेषांपासून सुरू होतं. वेगळ्या रंगाचं पेन घ्या. सतत खटके उडतात तिथे दातेरी रेषा, एकमेकांत फार गुंतलेत तिथे तीन समांतर रेषा, दुरावा असेल तर तुटक रेषा आणि बोलणंच बंद असेल तर मध्येच छेदलेली रेषा.

मग प्रत्येकाच्या खाली एकच गोष्ट लिहा: ताण आला की हा माणूस काय *करतो*? विशेषण नको, क्रियापद हवं. ‘तापट’ लिहिलंत तर हाती काही लागत नाही. ‘जेवता जेवता उठून जातो’, ‘दोन दिवस बोलत नाही’, ‘आजारी पडते’, ‘पैसे देऊन विषय मिटवतो’, ‘थोरल्या मुलीकडे रडते’ असं लिहा. यातलं शेवटचं नीट बघा. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी यालाच त्रिकोण म्हटलं. प्रत्येक भांडणाऱ्या जोडीसाठी तिसरं टोक शोधा, बहुतेक वेळा ते एखादं मूल असतं. आईची समजूत काढत वाढलेली मुलगी पुढे जोडीदाराचा चेहरा जरा पडला तरी कामाला लागते आणि स्वतःला काय हवंय ते मात्र सांगू शकत नाही.

तिसरी पायरी तारखांची. एक-दोन वर्षांच्या आत लागून आलेले मृत्यू, जन्म, स्थलांतरं, नोकऱ्या जाणं यांभोवती गोल करा. आजी गेली त्याच वर्षी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला दुःखात बुडालेली आई आलेली असू शकते. यात दोष कुणाचाच नसतो.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे सगळीकडेच पॅटर्न दिसायला लागतो. माझा साधा नियम: किमान दोन पिढ्यांत आणि दोन वेगवेगळ्या नात्यांत तेच क्रियापद आलं तरच त्याला पॅटर्न म्हणायचं. दुसरं म्हणजे उलटी प्रत ओळखूच येत नाही. आरडाओरड्यात वाढलेला माणूस कधीच आवाज चढवत नाही, म्हणून घरातलं त्याच्यात काही उतरलं नाही असं वाटतं. पण वाद शेवटापर्यंत नेऊन मिटवणं बापालाही जमलं नव्हतं आणि यालाही जमत नाही.

पाणबुडी: गप्प बसणारा आणि पाठलाग करणारा, या जोडीबद्दल थोडं. गप्प माणूस शांत असतो हा मोठा गैरसमज. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगपद्धतीत आई बाळाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते. त्यात जी बाळं आई परतल्यावर तिच्याकडे बघतही नव्हती, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेलेच निघाले. लक्ष न देणं हीच त्यांची जवळ राहण्याची तडजोड होती. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ हेझन आणि शेव्हर यांनी बाळ आणि आईमधल्या बंधाचा (attachment) हाच विचार मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून बघितला.

करायचं ते असं. भांडणाचा पारा चढला की गप्प बसणाऱ्यानेच म्हणायचं, “मला आत्ता सुचत नाहीये. नऊ वाजता बोलू.” थांबायचं किमान 20 मिनिटं, कारण शरीर त्याआधी निवळत नाही. त्या वेळात मनात मुद्द्यांची जुळवाजुळव चालू ठेवलीत तर थांबून उपयोग शून्य. आणि नऊला स्वतःहून यायचं. वेळ न सांगता उठून गेलात, तर समोरच्याला ते टाकून जाणंच वाटतं आणि पाठलाग दुपटीने सुरू होतो. पाठलाग करणाऱ्यानेही परतल्यावर एकच मागणी एका वाक्यात मांडायची. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द वगळून बघा, वाक्य आपोआप छोटं होतं.

दुसरी_बाजू: वरचं पटतं, पण कागदावर पॅटर्न सापडला म्हणजे नशीब सापडलं असं कुणी समजू नका. याच बंधाचा अभ्यास करणाऱ्या मेरी मेन आणि सहकाऱ्यांच्या मुलाखतीत मोठ्या माणसांना लहानपणच्या आईबरोबरच्या नात्यासाठी पाच विशेषणं विचारतात आणि प्रत्येकाला आधार देणारा नेमका प्रसंग मागतात. काय घडलं यापेक्षा ते किती सुसंगतपणे सांगता येतं, याला तिथे वजन. ‘खूप प्रेमळ’ म्हटलं आणि एकही प्रसंग आठवेना, तर तिथे थांबून विचार करण्यासारखं आहे. बालपण खडतर असूनही ते नीट सांगू शकणारी माणसं ‘सुरक्षित बंध’ असलेल्या गटात गणली जातात. 1995 च्या एका एकत्रित अभ्यासात पालकांचं आणि त्यांच्या बाळाचं ‘सुरक्षित की असुरक्षित’ हे वर्गीकरण सुमारे 75 टक्के वेळा जुळलं. म्हणजे चौथा हिस्सा जुळलाच नाही. घरी स्वतःला गुण मात्र देऊ नका, त्याला प्रशिक्षण लागतं.

आणि नात्यात मारहाण किंवा धाक असेल तर हे काहीही दोघांनी मिळून करायचं नाही. आधी सुरक्षितता.

रिकामी_चौकट: क्रियापदांचं लगेच करतो. पण आजी-आजोबांच्या पिढीबद्दल वडीलधाऱ्यांना विचारायचं कसं? विषय काढला की वातावरण तापतं.

उभी_रेघ: कागद दाखवू नका. एकेकट्याला गाठा आणि ‘का’ विचारू नका, त्याचा आरोप होतो. ‘त्यांचं भांडण झालं की आधी कोण बोलायचं? किती दिवसांनी? मध्ये कोण पडायचं?’ एवढंच. भावंडांनाही वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा, खरं कुणाचं याचा निवाडा करत बसू नका.

नंतर तुम्ही स्वतःची एखादी चाल बदललीत, समजा आईची तक्रार वडिलांपर्यंत पोचवणं बंद केलंत, तर घरचे आधी म्हणतील ‘तुझं चुकतंय’, मग ‘पहिल्यासारखा वाग’, मग ‘नाहीतर बघ’. बोवेन यांनी हा क्रम नोंदवून ठेवलाय. तिसऱ्या टप्प्यावर बहुतेक जण एक तर माघार घेतात, नाहीतर संबंधच तोडतात. तिथे वाद न घालता ‘हे तूच बाबांना सांग’ एवढंच शांतपणे म्हणायचं आणि येणं-जाणं, फोन नेहमीसारखे चालू ठेवायचे.